पाणी मुरलेलं झाकण

बहरीनमध्ये सार नावाचं गाव आहे.
आमच्याकडे सार वाटीत असतं, आमसुलाचं.
इथल्या सारमध्ये व्हिला आहेत, खजुराच्या उरल्यासुरल्या बागा,
आणि दर बुधवारी माझ्या वाट्याला
उम्म फवाझ यांचा हॉट टब.

क्लोरीन बघतो, गाळणी धुतो.
मग झाकण.
तपकिरी, चामड्यासारखं, मधोमध दुमडणारं,
आत पांढरा फोम, प्लास्टिकमध्ये बंद केलेला.
नवं होतं तेव्हा एका हाताने उघडायचो,
दुसऱ्या हातात चहा.

कुठल्या बुधवारी चहा खाली ठेवावा लागला
ते आठवत नाही.
गुडघा कधी टेकवला, तेही नाही.
पुढे दिलकुमारला हाक मारू लागलो,
नेपाळचा पोरगा, बागेला पाणी घालणारा.
"एक, दोन," म्हणायचा तो,
तीन म्हणायला दोघांकडेही श्वास नसायचा.
वजन असं अंगवळणी पडतं:
आधी अंग कुरकुरतं,
मग सांगायचंच सोडून देतं.

खुणा होत्या की.
घडीपाशी उसवलेला दोरा.
डिसेंबरच्या पहाटे शिवणीतून वाफ,
कुकरची शिटी नीट बसली नसावी तशी.
हीटर रात्रभर घुरघुरायचा, वीजबिल वाढायचं.
वर्षात दोनदा पडतो तो पाऊस पडला
की मधल्या खळग्यात तळं,
बुलबुल येऊन प्यायचे.
आणि उघडल्या उघडल्या वास,
भिजून तसंच ठेवलेल्या गोणपाटाचा.

"कुठेतरी पाणी मुरतंय,"
असं आपण माणसांबद्दल म्हणतो.
इथं ते खरंच मुरत होतं,
खालून, वाफ होऊन,
एक थेंबही न दाखवता.

उम्म फवाझना म्हटलं, बदला आता.
त्या म्हणाल्या, बाचिर.
बाचिर म्हणजे उद्या.
तो उद्या दोन हिवाळे चालला.
मला राग नाही आला.
कणकवलीहून प्रणिता फोनवर विचारते,
"आता कधी येतलात?"
मीही बाचिरच म्हणतो,
फक्त मालवणीत.

शेवटी खोलीवरून ताणकाटा आणला,
विमानाला निघताना बॅगेला अडकवतो तो.
(तीस किलो. चिवड्याचा डबा काढ. परत तोल.)
शिवण उसवलेलीच होती, अर्धा भाग सुटा केला,
काठीला काटा, काठी दोघांच्या खांद्यावर.
काटा थरथरला आणि त्रेचाळीसवर थांबला.
नव्याच्या कागदावर लिहिलेलं: अर्धं, नऊ किलो.
उम्म फवाझनी चष्मा लावून आकडा वाचला,
पुन्हा वाचला.
"आधी का नाही सांगितलंस?" म्हणाल्या.

फेब्रुवारीत नवं आलं.
टबावर बसवलं, पट्टे आवळले,
मग उघडून बघायला
दिलकुमार एका बाजूला, मी दुसऱ्या.
"एक, दोन,"
आणि आम्ही जुनाच जोर लावला.
झाकण ताटलीसारखं उडालं,
तो मेंदीच्या कुंपणात,
मी क्लोरीनच्या बादलीवर.
उम्म फवाझ इतक्या हसल्या
की डोक्यावरची ओढणी सावरायला खुर्चीवर बसल्या.

जुनं फाटकाबाहेर टेकवून ठेवलंय.
कचऱ्याची गाडी शनिवारी.
तीन दिवस झाले,
खालच्या कोपऱ्यातून अजून पाणी गळतंय,
रस्त्यावरची मांजर येते, हुंगते,
पटत नाही तिला, निघून जाते.

आज झाकण एकट्यानेच उघडलं.
दुसरा हात मोकळा होता,
त्याचं काय करायचं कळेना.
खोलीवर आलो, तर काटा अजून बाहेरच,
खिळ्याला लटकलेला.
बॅग पलंगाखाली आहे.
काढली नाही अजून.